मळ्यावरचा कॅमेरा आणि घरातल्या बायका



आपल्या शिरोळ-हातकणंगले भागात सध्या मळ्यावर, वस्तीवर, नदीकाठच्या मोटरीवर सोलरचे बिनतारी कॅमेरे बसवणं जोरात चाललंय. आमच्याकडेही बसला. तेव्हापासून भेटेल ती विचारते, "ताई, कुठल्या कंपनीचा घेऊ?" ते मी सांगणार नाही. कंपन्या दर सहा महिन्यांनी बदलतात आणि दुकानदार माझ्यापेक्षा जास्त गोड बोलतात. माझं सांगणं वेगळं आहे. कॅमेरा घ्या, मी त्याच्या विरोधात नाही. पण तो कुठे बघणार आणि त्यात दिसलेलं कोण कोणाला दाखवणार, हे विकत घेण्याआधी घरात बसून ठरवा. आणि त्या बैठकीला सासू-सून-जावा सगळ्या असू द्या. कारण कॅमेरा आणतात पुरुष, आणि त्याच्यासमोर दिवसभर वावरतो आपण.

आधी तो लागतोच का, ते बोलू. नदीकाठी मोटर असणाऱ्या प्रत्येक घराला केबलचोरी माहीत आहे. तांब्यासाठी शे-दोनशे फूट केबल एका रात्रीत कापून नेतात. आमची दोन वर्षांत तीनदा गेली. स्टार्टर, स्प्रिंकलरच्या तोट्या, मोटरीची पितळी कामं, काहीही सोडत नाहीत. ऐन उसाला पाणी द्यायच्या दिवसांत मोटर बंद पडली की नुकसान केबलच्या किमतीवर थांबत नाही. तारेचा कॅमेरा तिथे चालत नाही. शेतीची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि नसेल तेव्हा नाहीच. शिवाय चोर पहिल्यांदा कापणार ती तारच. म्हणून सोलर, आणि म्हणून सिमकार्डावर चालणारा.

यावर काही धार्मिक वृत्तीच्या बायका म्हणतात, परिग्रह कमी करायचा सोडून त्याच्यावर पहारे कसले बसवता? मला हे पटत नाही. आपण श्रावक आहोत, मुनी नाही. आपल्या आचार्यांनी हिंसेचे चार प्रकार सांगितले: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाला संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग सांगितला आणि बाकीच्या तिन्हीत जपून वागायला सांगितलं. घरादाराचं रक्षण करण्याची मोकळीक त्यात आहे. प्रश्न असतो तो रक्षण कशाने करायचं याचा. चोराच्या आणि रानडुकरांच्या भीतीने कुंपणाच्या तारेत वीज सोडणारे लोक आहेत. तो गुन्हा आहे, आणि त्यात माणसं-जनावरं दगावल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. त्यापेक्षा कोणालाही इजा न करता नुसता बघत बसणारा पहारेकरी मला आपल्या धर्माच्या जास्त जवळचा वाटतो. काठी घेऊन रात्री शेतात झोपणाऱ्या गड्याच्या जिवाचाही विचार करा. त्याला साप चावला तर काय, हे कोणी हिशोबात धरत नाही.

आता बसवण्याबद्दल. हे सविस्तर सांगते, कारण यात बायकांना "तुम्हाला काय कळतं" म्हणून बाजूला बसवतात, आणि यात न कळण्यासारखं काही नाही.

हे कॅमेरे दोन जातीचे असतात. एक झोपून राहतो, समोर काही हललं की जागा होतो आणि थोडा वेळ चित्रण करतो. त्याला वीज फार थोडी लागते. हातभर लांबीचं पॅनेल आणि आतली बॅटरी पुरते. पण त्याला जागं व्हायला एखादा क्षण लागतो, आणि लांबचं हललेलं त्याला कळत नाही. साधारण आठ-दहा मीटरच्या आत आलेलं माणूस तो पकडतो. दुसरा चोवीस तास चालू. त्याला पाच-सहा वॅट लागतात असं धरा. सहा वॅट गुणिले चोवीस तास म्हणजे दिवसाला १४४ वॅट-तास. आपल्याकडे आषाढात तीन-तीन दिवस सूर्य दिसत नाही, म्हणून तीन दिवसांचा साठा हवा. तो झाला ४३२. बारा व्होल्टची बॅटरी असेल तर बाराने भागा, ३६ आले. म्हणजे ४० अँपिअर-तासांची बॅटरी घ्या, आणि ती भरायला साठ वॅटच्या आतलं पॅनेल घेऊ नका. दुकानदार जर वीस वॅटच्या पॅनेलवर "मॅडम, चोवीस तास चालतंय" म्हणाला, तर त्याला हा भागाकार करून दाखवा. आमच्या जाऊबाईंनी दाखवला. पॅनेल बदलून मिळालं.

पॅनेलचं तोंड दक्षिणेला ठेवायचं. कोल्हापूर जवळजवळ १७ अक्षांशावर आहे, तेव्हा तेवढाच, पंधरा-वीस अंशांचा उतार द्यायचा. उतार दिला की पावसाने धूळही धुऊन जाते. उन्हाळ्यात पुसायचं तर सकाळी, पॅनेल थंड असताना, गाळलेल्या पाण्याने आणि मऊ फडक्याने. बॅटरीची पेटी पॅनेलच्याच सावलीत बसवा, ऊन तिला मानवत नाही. खांबाची उंची ठरवताना पूर आठवा. २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं याची खूण प्रत्येक मळ्यात कोणी ना कोणी दाखवेल. बॅटरी त्या खुणेच्या वर. आणि ज्या घरांनी सिमऐवजी घरच्या वायफायवर कॅमेरा जोडलाय त्यांनी लक्षात ठेवा, लावणीच्या वेळी सुरळीत दिसणारं चित्र ऊस डोक्यावर गेला की अडखळायला लागतं. कॅमेरा बिघडलेला नसतो. वायफायच्या लहरी ओल्या, दाट पानांत अडकतात. अँटेना उसाच्या वर घ्या, कारागिराला पुन्हा पैसे देऊ नका.

आता एक गोष्ट फक्त आपल्याच घरांत विचारली जाईल अशी. रात्री रंगीत चित्र दिसावं म्हणून बऱ्याच कॅमेऱ्यांना पांढरा दिवा असतो. दुकानदार तो मोठ्या कौतुकाने दाखवतो. पण पांढऱ्या दिव्यावर किडे किती येतात ते पावसाळ्यात आपल्या अंगणात बघा. आपण सूर्यास्ताआधी जेवणारी माणसं. त्यामागे रात्रीच्या दिव्याखाली होणारी जीवहिंसा टाळायचीच भावना आहे ना? मग मळ्यात रात्रभर किडे मारायचा दिवा कशाला लावायचा? त्या दिव्याऐवजी इन्फ्रारेड चालू ठेवा. तो प्रकाश आपल्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, आणि पांढऱ्या-निळ्या प्रकाशावर झेपावतात तसे किडे त्याच्यावर झेपावत नाहीत. चित्र काळं-पांढरं येतं, पण माणूस ओळखू येतो. बॅटरीही वाचते. कोळ्याने समोर जाळं विणलं की रात्री सगळं चित्र पांढरं दिसतं, तेव्हा फटका मारू नका. मऊ कुंचल्याने जाळं हलकेच बाजूला करा, कोळी स्वतःच पळतो. आठवड्यातून एकदा हे केलं की तो जागा बदलतो.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. अवघड आहे ते पुढचं.

एका मळ्यावर भांगलणीला आलेल्या एका बाईने संध्याकाळी जाताना मक्याची चार कणसं ओटीत घातली. कॅमेऱ्यात दिसली. मालकाच्या मुलाने ती क्लिप भावकीच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती गावच्या ग्रुपवर गेली. खाली हसणारी तोंडं, "आक्कांचा चोवीस तास पहारा" वगैरे. तिची मुलगी आपल्याच मुलांबरोबर दहावीला. ती आठ दिवस शाळेत आली नाही. बाईने त्या पाणंदीनेच जायचं सोडलं. हे मी ऐकीव सांगत नाही, ती क्लिप माझ्याही फोनवर आली होती. आणि पाठवणारी होती आपल्याच महिला मंडळातली, रोज अभिषेकाला येणारी.

मी तिला फोन केला. ती म्हणाली, "चोरी ती चोरी. अचौर्य व्रत आपण पाळायचं आणि त्यांनी नाही?" तिला वाटलं मी चोरीची बाजू घेतेय. म्हणून इथे नीट लिहिते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात प्रत्येक अणुव्रताचे पाच-पाच अतिचार दिलेत. दशलक्षणात आपण ते दर वर्षी ऐकतो, आणि ऐकताना डोळे मिटलेले असतात. सत्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत एक आहे रहोभ्याख्यान. दुसऱ्याची एकांतातली गोष्ट उघड करणं. लक्षात घ्या, हा खोटं बोलण्याचा प्रकार नाही. जे उघड केलं ते शंभर टक्के खरं असू शकतं. तरीही तो सत्यव्रताला लागलेला डाग आहे. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत याचा अर्थ स्त्री-पुरुषांनी एकांतात केलेली गोष्ट जाहीर करणं असा दिलाय, तेव्हा मी अर्थ ताणतेय असं कोणी विद्वान म्हणू शकेल. म्हणू दे. त्याच यादीत पुढे साकारमंत्रभेद आहे, म्हणजे दुसऱ्याच्या हावभावांवरून, हालचालींवरून त्याच्या मनातलं ओळखायचं आणि मत्सराने ते चार जणांत सांगायचं. कॅमेऱ्याची क्लिप बघून "ही कशी चालतेय बघा, इकडेतिकडे कशी बघतेय बघा" म्हणणं दुसरं काय आहे? आपल्याला बघितलं जात नाही असं समजून माणूस जे करतो, ते पकडून गावाला दाखवणं यात सत्याचा काही विजय होत नाही.

आणि अचौर्याचं म्हणाल तर त्याचेही पाच अतिचार आहेत. चोरीचा माल घेणं त्यात आहे. खोटी मापं ठेवणं त्यात आहे. भेसळ त्यात आहे. कापलेल्या केबलचं तांबं कोणीतरी विकत घेतं म्हणून ती कापली जाते. मजुरीचा दिवस अर्धा तास जास्त चालवणारे मळे मला माहीत आहेत. त्यांची क्लिप कधी कोणी टाकली नाही. चार कणसांबद्दल त्या बाईशी बोलायचं होतं तर दुसऱ्या दिवशी बांधावर बोलता आलं असतं. "बाई, मागून न्या" एवढंच. माझ्या सासूबाई आयुष्यभर तेच करत आल्या, कॅमेरा नसताना.

याच्याहून घराच्या आतली गोष्ट. मळ्यावरचा कॅमेरा सहसा सहा महिन्यांत दारात येतो, मग पडवीत, मग मागच्या अंगणात. मागच्या अंगणात आपली भांडी घासायची जागा, कपडे धुण्याचा दगड आणि न्हाणीघराचं दार असतं. आणि फोन असतो पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाकडे, नाहीतर सासऱ्यांकडे. एका घरात सुनेला रोज संध्याकाळी विचारणा व्हायला लागली: दुपारी दोन ते तीन कुठे होतीस, ती कोण बाई आली होती, फोनवर एवढा वेळ कोणाशी बोलत होतीस. कॅमेरा बसवला होता म्हशीसाठी. म्हशीबद्दल कोणी काही विचारलं नाही.

"लपवण्यासारखं नसेल तर घाबरता कशाला?" हा प्रश्न मला तीन पुरुषांनी आणि दोन बायकांनी विचारला आहे. न्हाणीघराला आतून कडी असते ती आत पाप चाललेलं असतं म्हणून नव्हे. कायदाही हे मानतो. जिथे आपल्याला कोणी बघणार नाही अशी बाईची रास्त समजूत असते, तिथे तिच्या खाजगी क्षणांचं चित्रण करणं किंवा ते पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७७व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षांची शिक्षा सांगितली आहे. घरचा कॅमेरा, घरचीच बाई, ही सबब त्यात नाही. शिवाय इंटरनेटवरचा कॅमेरा फक्त आपणच बघतो असंही नाही. पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवला तर बाहेरचा माणूसही आत शिरू शकतो. केंद्र सरकारने एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी बंधनकारक केली ती याच काळजीतून. खोक्यावर प्रमाणपत्राबद्दल काही लिहिलंय का ते विचारा, आणि पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

बस्तीचंही असंच. पंचधातूच्या मूर्ती आणि दानपेटी यांच्या काळजीने कॅमेरा हवाच, यात मला शंका नाही. आडबाजूच्या डोंगरावरच्या मंदिरांना तर सोलरशिवाय उपायच नाही. पण तो गाभाऱ्याच्या दारावर, दानपेटीवर आणि बाहेरच्या फाटकावर असावा. बायका जिथे बसून जाप करतात तिथे नको. सोवळ्याचे कपडे बदलायच्या खोलीच्या जवळपासही नको. त्यागी निवासात नको, आणि आर्यिका माताजी उतरतात त्या खोलीकडे तर त्याचं तोंड वळताही कामा नये. या महिन्यात कोण चार दिवस बस्तीत आली नाही, हे मोजायला आपण वर्गणी दिलेली नाही.

आता थोडं आपल्याबद्दलही. पाळत ठेवणाऱ्याचं काय होतं? आमच्या फोनवर पहिल्या आठवड्यात दिवसाला साठ-सत्तर वेळा घंटी वाजायची. कुत्रं गेलं, मुंगूस गेलं, उसाचं पान हललं. प्रत्येक वेळी घरातलं कोणीतरी फोन उचलायचं. सामायिकाला बसलं तरी कान तिकडे. रौद्रध्यानाचे चार प्रकार आपल्याला शिकवले आहेत. हिंसा, असत्य, चोरी यांचा ध्यास हे तीन चटकन पटतात. चौथा मात्र मला पूर्वी कधी नीट कळला नव्हता: विषयसंरक्षण, आपल्या वस्तू सांभाळण्याचाच सतत ध्यास. वस्तू असणं निराळं आणि मन दिवसरात्र तिच्याभोवती घिरट्या घालणं निराळं. तो चौथा प्रकार मला पुस्तकात नाही कळला, त्या घंटीने कळला. मग आम्ही सेटिंग बदललं. फक्त माणूस दिसला तरच, आणि रात्री नऊ ते पहाटे पाचपर्यंतच घंटी. हे बहुतेक कॅमेऱ्यांत करता येतं. दिवसा मळ्यात माणसं असणारच, त्याची वर्दी कशाला हवी?

एक कबूल करायला हवं, कॅमेऱ्याची एक चांगली बाजू माझ्या डोक्यातही नव्हती. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून त्यांना मळ्यात जाता येत नाही. चाळीस वर्षं ज्या बांधावर त्या वैरण कापायला गेल्या तो बांध त्यांनी तीन वर्षं बघितला नव्हता. आता रोज सकाळी जेवणाआधी दहा मिनिटं त्या फोन मागून घेतात आणि विहिरीकडचं चित्र बघतात. "आंबा मोहरलाय की गं," म्हणाल्या परवा. आम्हाला कोणालाच दिसला नव्हता.

आमच्या घरात जे ठरलं ते सांगते, तुमच्याकडे वेगळं ठरेल. कॅमेरे दोनच, एक नदीवरच्या मोटरीवर, एक मळ्यातल्या खोलीच्या कुलपावर. घराच्या अंगणात एकही नाही. पासवर्ड माझ्याकडे आणि दिरांकडे, दोघांकडेही. कार्डावरचं चित्रण सात दिवसांनी आपोआप पुसलं जातं. कामाला येणाऱ्या सगळ्यांना कॅमेरा कुठे आहे ते दाखवलं, आणि त्यावर मराठीत पाटीही लावली. क्लिप काढायची तर पोलिसांसाठी, ग्रुपसाठी नाही. आमच्या धाकट्याने यावर तोंड वाकडं केलं. करू दे.

आमच्या बस्तीच्या कॅमेऱ्यांचा विषय भाद्रपदाआधी कमिटीपुढे येतोय. जागा ठरवताना दोन बायका बरोबर घ्या असा अर्ज मंडळाने दिलाय. एक चालेल म्हणाले. आम्ही दोनवर अडून बसलो आहोत, कारण एकटी असली की तिला चहाचं बघायला आत पाठवतात आणि तेवढ्यात ठराव होतो. तुमच्या गावात काय झालं तेही कळवा, आमच्या अर्जाला जोडता येईल.